खाटेवरचे बार्कमन

एर्ना प्लेटने सपाता जिन्याच्या पायथ्याशी काढून ठेवल्या, सुपाचा वाडगा दोन्ही हातांत धरला आणि नुसत्या मोज्यांवर ती जिना चढू लागली. मधली एक पायरी करकरायची, ती तिने मोठी ढांग टाकून ओलांडली. घर तिच्या मुलाचं, लिंडनचं होतं, तिच्याच आवारात, गोठ्याच्या पलीकडे. पुढच्या दाराला घंटा होती, पण एर्ना मागच्या दाराने येई, आणि गेला आठवडाभर तर चोरपावलांनी येत होती. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: आजारी माणसाची झोपमोड नको.

आजारी माणूस वरच्या खोलीत हसत होतं.

एर्ना भिंतीला चिकटून उभी राहिली. आत तिची सून मिरेय फोनवर बोलत होती, माहेरच्या फ्रेंचमध्ये, भरभर, मध्येच खुदखुदत. एर्नाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण डोकेदुखीने बेजार झालेलं माणूस कुठल्याही भाषेत असं हसत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने ते हसू मनात नीट बांधून ठेवलं आणि टकटक न करता दार उघडलं.

"अगं बाई, एर्ना! तुम्ही कधी आलात?" मिरेयने फोन घाईघाईने पालथा ठेवला. ती उताणी पडली होती, उशीसुद्धा न घेता. गालांवर चांगला रंग होता.

"आत्ताच. कोंबडीचं सूप आहे, शेवया घातलेलं. ऊठ, गरम आहे तोवर घे."

मिरेय कोपरावर रेलली, मग उठून बसली. एर्ना वाडगा धरून तिच्याकडे नुसती बघत राहिली. गालांवरचा रंग उतरला, हात मानेमागे गेला, ओठ घट्ट मिटले. दुसऱ्याच क्षणी मिरेय पुन्हा आडवी झाली होती, डोळे मिटून.

"नाही जमत. ठेवा तिथं. मी पडल्या पडल्या घेईन."

"पडल्या पडल्या सूप?"

"नळी आहे ना." मिरेयने डोळे न उघडता पेल्याकडे बोट केलं. पेल्यात पोरांची असते तसली लाल पट्ट्यांची वाकडी नळी होती.

"नळीतून शेवया कशा जातील?"

"मग शेवया लिंडन खाईल." मिरेय क्षीण हसली. "पडून राहिलं की बरं वाटतं हो. खरंच सांगते."

हे वाक्य एर्नाने पूर्वीही ऐकलं होतं, अगदी असंच, अशाच आवाजात. तेव्हाही तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता.

झालं होतं ते एवढंच. मिरेय विनिपेग शहरातली, नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतली. लग्न होऊन या आवारात आली आणि वासरांना दूध पाजायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. वसंतापासून तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, हातातली बादली निसटू लागली. शहरातल्या डॉक्टरांना नसांच्या कुठल्याशा दुखण्याचा संशय आला, म्हणून त्यांनी पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासायला काढलं. त्या दिवशी ती स्वतः गाडी चालवत घरी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि तिथून परत येऊन जी आडवी झाली ती झालीच. लिंडनने इस्पितळात फोन केला, तर तिकडून सांगण्यात आलं, पाणी भरपूर प्या, कॉफी घ्या, आराम करा. आराम तर चाललाच होता.

एर्ना डोळ्यांत तेल घालून पाहत होती. पडलेली मिरेय पुस्तक वाचायची, गुणगुणायची, चांगली जेवायची. उठवली की मरणाला टेकायची. परवा एर्नाने बिस्किटांचा डबा मुद्दाम वरून उचलून खाली स्वयंपाकघराच्या कपाटात नेऊन ठेवला होता. लिंडन दिवसभर शेतावर होता. संध्याकाळी डबा उघडून पाहिला तर बिस्किटं कमी झालेली. त्यावर एर्ना कुणाला काही बोलली नाही, पण तो डबा तिच्या डोक्यातून हलला नाही.

लिंडेनाउ गावात आडनावं मोजकी आणि माणसं फार. बार्कमनच किती होते! म्हणून गाव प्रत्येक घराला एक टोपणनाव चिकटवायचं. गिरणीवाले बार्कमन, तांबडे बार्कमन, मधमाश्यांचे बार्कमन. एर्नाचं माहेर तेव्हा विहिरीवरचे बार्कमन म्हणून ओळखलं जाई. मग एका शरदात तिच्या आईला, आगानेथाला, धाकटा मेनो झाला. घरी सुईणीच्या हातून नव्हे, इस्पितळात, नव्या पद्धतीने, पाठीत औषध देऊन. घरी आल्यावर आगानेथा जी खाटेवर पडली ती उठेचना. तान्ह्याला कुशीत घेऊन पाजायची, पडल्या पडल्या स्तोत्रं म्हणायची, ताटातलं संपवायची. पण ऐन साखरबीट काढायच्या दिवसांत कुणी 'ऊठ' म्हटलं की डोकं धरायची. चर्चमधल्या बायका बघायला आल्या. खाटेभोवती मिठाची गुळणी धरून बसल्या आणि आपापल्या घरी जाऊन काय बोलायचं ते बोलल्या. पहिला बर्फ पडला तेव्हा आगानेथा उठून कामाला लागली. पण तोवर गावाने विहीर विसरून त्यांना खाटेवरचे बार्कमन करून टाकलं होतं.

एर्ना तेव्हा दहा वर्षांची होती. त्या शरदात तान्ह्याचे लंगोट तिने धुतले, पाव तिने भाजले, पहाटे गायी तिने पिळल्या. शाळेत पोरं विचारायची, "काय गं खाटेवरची, आज खाट नाही आणलीस?" त्यानंतर एर्ना उजेडी कधी आडवी झाली नाही. लिंडन झाला तेव्हाही नाही, फ्लूमध्येही नाही. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

आगानेथा आता नव्वदीला आली होती, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात राहत होती. दर रविवारी दुपारची कॉफी, पाव आणि जॅम उरकून, कपबश्या विसळून एर्ना तिच्याकडे जाई आणि दारातूनच म्हणे, "आई, दिवसाढवळ्या लोळतात का? ऊठ बघू." तिथली नर्स एकदा कौतुकाने म्हणाली होती, "तुमची पावलं त्यांना लांबूनच कळतात हं! लगेच कठडा धरून उठायला लागतात." ऐकून एर्नाला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी गोठ्यात लिंडन वासरांना बाटल्या लावत होता. दिवसभर बापलेक मक्याचा मुरघास, गुरांची हिवाळ्याची वैरण, भरत होते, त्याच्या केसांत अजून पातीचे तुकडे अडकलेले होते.

"आज हसत होती," एर्ना म्हणाली.

"कोण?"

"आजारी माणूस. फोनवर. मी जिन्यात होते."

"तू जिन्यात काय करत होतीस?"

"सूप घेऊन गेले होते. हे बघ लिंडन, मी काही म्हणत नाही..."

"मग नको म्हणूस."

पण एर्ना म्हणालीच. "पडली की ठणठणीत, उठवली की गळाठलेली. काम बघून दुखणारं डोकं कुठं असतं का रे? शहरातली पोर ती, शेणामुताला कंटाळली असेल. मग तसं तोंडाने सांगावं ना! हे सोंग कशाला?"

लिंडनने रिकामी बाटली बादलीत टाकली. आवाज चढवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "ती अशीच राहिली ना आई, तर मी गायी विकणार आहे. बाबांशी बोललोय मी. आम्ही शहरात जाऊ, तिच्या डॉक्टरांच्या जवळ. एकट्याच्यानं दोन्हीकडे नाही होत." तो पुढच्या वासराकडे वळला. "आणि सोंग हा शब्द परत काढू नकोस."

सासऱ्याने उभारलेला गोठा, नावानिशी ओळखीच्या गायी, अंगणापलीकडचं दिवा लागणारं घर, एकुलता एक मुलगा. सगळं त्या एका वाक्यात निघून चाललं होतं. आणि तरी कुठेतरी एर्नाला समाधानही वाटलं. पाणी मुरत होतं ते इथं तर! हेच हवं होतं त्या पोरीला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी तिने जाहीर केलं, "मिरेयला मी घेऊन जाते हॉस्पिटलात. तुम्ही दोघं मुरघास सोडू नका. मी नेते, आणि डॉक्टरसमोर मीच बसते."

तिचा नवरा कॉर्नी कॉफीच्या कपावरून तिच्याकडे बघत राहिला. "तू? तिची बाजू मांडायला?"

"डॉक्टरला खरं काय ते कळायला नको?"

"कुणाचं खरं?" असं म्हणून कॉर्नीने टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. चाळीस वर्षांत त्याने भांडण असंच जिंकलं होतं, दाराकडे जाता जाता.

मिरेय गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झाली. एर्नाला आरशात नुसती रिकामी सीट दिसत होती. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं सपाट पसरली होती, रस्ता सुतासारखा सरळ होता, आणि बोलायला तोंडासमोर माणूस नव्हतं.

"तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं," मागून आवाज आला. "मला वाटत होतं, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही."

"सीटवर पाय घेताना बूट काढलेस ना?" एर्नाने विचारलं.

इमर्जन्सीतल्या खुर्च्यांना मध्ये लोखंडी हात होते. मिरेय थोडा वेळ बसली, पांढरीफटक पडली, आणि मग कुणालाही न विचारता तिने कोट जमिनीवर पसरला आणि भिंतीकडेला लांब झाली. चांगली शिकलेली बाई, भर दुपारी, शंभर लोकांच्या पायांत! एर्नाला वाटलं, फरशी फाटावी आणि आपण आत जावं. त्यातच समोरून, अंगठ्याला फडकं गुंडाळलेली टीना क्रोकर उठून आली. टीना लिंडेनाउचीच, एर्नाच्या वर्गातली. जिथे नको तिथे भेटायची तिची जुनी खोड होती.

"अगं एर्ना! ही तुमच्या लिंडनची ना? अशी का पडलीय?"

"डोकं दुखतंय."

"उठवत नाही का तिला?" टीनाने मान वाकडी करून नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे तुझ्या आईसारखंच झालं म्हणायचं." आणि ती गोड हसली.

एर्नाने पर्सची कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. खाटेवरचे प्लेट. तिला ते नाव गावाच्या तोंडी आत्ताच ऐकू येत होतं. आत गेल्यावर काय काय सांगायचं, ते तिने मनात पुन्हा एकदा जुळवून घेतलं.

आत आलेली डॉक्टर तरुण होती, उंच, गिमली गावाकडच्या आइसलँडी घराण्यातली असावी. छातीवरच्या बिल्ल्यावर सिगुर्डसन असं नाव होतं. तिने मिरेयला विचारलं, "डोकं कधी दुखतं?"

मिरेयने तोंड उघडायच्या आत एर्ना पुढे सरकली.

"मी सांगते. मी आठवडाभर बघतेय. पडली की काही नाही, हसते, गाते, जेवते. बसली की अर्ध्या मिनिटात चेहरा उतरतो. उभी राहिली तर आणखी. परत पडली की ठणठणीत, जादू केल्यासारखी. सकाळ असो, संध्याकाळ असो, यात फरक नाही. मी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहिलंय, तिला कळू न देता."

मिरेयने मान वळवून सासूकडे पाहिलं. डॉक्टर लिहायची थांबली.

"तुम्ही असं मुद्दाम पाहिलंत?"

"हो," एर्ना म्हणाली. "पाहिलं."

"वा!" डॉक्टर मनापासून हसली. "इतकं नेमकं मला कुणीच सांगत नाही हो. पडलं की बरं, उठलं की दुखतं. हेच तर याचं लक्षण! मला आता फारसं काही विचारायलाच उरलं नाही."

जो पुरावा एर्नाने जिन्यात उभं राहून गोळा केला होता, तो तिच्यासमोर भलत्याच बाजूला जाऊन उभा राहिला होता.

डॉक्टरने सांगितलं ते साधं होतं. मेंदू पाण्यात तरंगत असतो. पाठीत सुई घातली तिथलं भोक बुजलं नाही, तर पाणी आतल्या आत गळत राहतं. माणूस उभं राहिलं की मेंदूला खाली ओढ बसते आणि डोकं फुटायची पाळी येते. आडवं झालं की ओढ थांबते. मग तिने संगणकावर मागच्या वेळची नोंद काढली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"जुनीच सुई वापरली."

"जुनी म्हणजे? वापरलेली?" एर्नाचा संशय आता नव्या दिशेने धावला.

"नाही, नाही. जुन्या पद्धतीची. थांबा, दाखवते."

तिने दोन बंद पाकिटं आणली, फोडली आणि दोन्ही सुया दिव्याखाली भिंगाशी धरल्या. एकीचं टोक पटाशीसारखं तिरपं कापलेलं होतं, धारदार. दुसरीचं टोक तासलेल्या पेन्सिलीसारखं, आणि तिचं भोक टोकाला नसून जरा मागे, कडेला होतं.

"ही पहिली पडद्याचे धागे कापत जाते. ही दुसरी धागे बाजूला सारून आत शिरते. काढली की धागे परत जवळ येतात. हिने त्रास होत नाही असं नाही, पण फार कमी जणांना होतो."

एर्ना भिंगावर वाकली होती. चर्चच्या शिवणमंडळात तिने जन्मभर तान्ह्यांची झबली शिवली होती. "जर्सीची सुई," ती म्हणाली.

"काय?"

"विणलेलं कापड असलं की गोल टोकाची सुई लावायची. साधी लावली की फासे तुटतात. आधी काही दिसत नाही. धुतल्यावर भोकं पडतात."

"अगदी तेच."

"मग हिला का नाही लावली गोल टोकाची? महाग असते?"

डॉक्टरने सुया डब्यात टाकल्या. "तयार ट्रे येतो ना, त्यात ही धारदार असते. दुसरी वेगळ्या कप्प्यात ठेवलेली असते. ज्याचा हात जिच्यावर बसलाय तो तीच उचलतो. कप्पा उघडायचा राहतो. चूक आहे ती, आणि मी ते त्यांना सांगणार आहे." ती मिरेयकडे वळली. "तुमच्या हातातलं थोडं रक्त काढून पाठीत त्याच जागी सोडू. ते गोठतं आणि भोक बुजतं. या वेळी मात्र पडदा टोचायचा नाही, त्याच्या बाहेरच थांबायचं. चालेल?"

"आत्ता? लगेच?" मिरेयच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे हे खरंच काहीतरी आहे?"

"खरं नाही तर काय! लोकांना सोंग वाटतं, माहितेय मला. नवऱ्यांना वाटतं. सासवांना तर हमखास."

एर्ना पर्सच्या कडीकडे बघत होती. मिरेय छताकडे बघत होती.

डॉक्टर हातमोजे काढत होती तेव्हा एर्नाने विचारलं, "हे कधीपासून माहीत आहे? डॉक्टर लोकांना?"

"शंभराहून जास्त वर्षं झाली असतील. माझ्या आजीच्या वेळी बाळंतिणींना पाठीतूनच औषध द्यायचे, आणि सुया केवढ्या जाड! किती बायका घरी जाऊन अशा पडून राहायच्या. बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत थांबायचं. पण एखादीचं भोक बुजायचंच नाही. महिना, दोन महिने. घरी पाच पोरं, शेतावर काम, आणि ही अंथरुणात. काय ऐकून घेतलं असेल त्यांनी!"

"पहिला बर्फ पडेपर्यंत?" एर्ना म्हणाली.

"हं?"

"काही नाही."

रक्त काढताना मिरेयने हात पुढे केला तेव्हा तिचा दुसरा हात मोकळा होता. एर्नाने तो धरला. तो गार होता, आणि धरल्यावर लगेच घट्ट झाला. पाठीत सुई जाताना मिरेयने एर्नाच्या बोटांचा चुराच केला, पण एर्नाने हात काढून घेतला नाही.

तासा-दोन तासांनी डॉक्टरने तिला उठून बसायला सांगितलं. मिरेय बसली आणि डोळे गच्च मिटून थांबली, दुखणं कुठून येतंय त्याची वाट बघत. एर्नाही श्वास धरून तिचे गाल बघत होती. गालांवरचा रंग तिथेच राहिला. मिरेयने एक डोळा उघडला, मग दुसरा. ती उभी राहिली. आणि मग ती रडायला लागली, आणि एर्नाला काय करावं ते न कळल्यामुळे तिने तिला कोट घालायला मदत केली, एक बाही, मग दुसरी.

बाहेर टीना क्रोकर दिसते का, ते एर्नाने पाहिलं. ती गेली होती. एर्नाला तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगायला मिळालं नाही याचा तिला रागच आला.

परतताना मिरेय पुढे बसली. सीट थोडी मागे कलती केली होती, पण ती खिडकीबाहेर बघत होती, जणू कापलेली शेतं कुणी आजच मांडून ठेवली आहेत.

"पाठीतल्या पाण्याचा अहवाल अजून यायचाय," ती म्हणाली. "तो वाईट आला तर?"

"आला की बघू. वासरांना मी पाजीन. तुला बादल्या उचलायच्या नाहीत."

"एर्ना, तुम्ही खरंच जिन्यात उभ्या राहायचात?"

"हो."

"मग तेरवा नेमक्या का नव्हतात? बिस्किटांचा डबा कुणीतरी खाली नेऊन ठेवला होता. मला इतकी भूक लागली होती! मी जिन्यावरून बसत बसत उतरले, आणि कपाटापर्यंत रांगत गेले. डोकं खाली घालून, वासरासारखी. तिथंच फरशीवर पडून खाल्ली." ती हसायला लागली. "तुम्ही पाहिलं असतं तर पोट धरून हसला असतात."

एर्ना हसली नाही. "तो डबा मी नेला होता," ती म्हणाली.

मिरेयचं हसू थांबलं. तिने एर्नाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. गावाचा फाटा आला. एर्नाने गाडी तिकडे वळवली नाही.

"घर तिकडे राहिलं."

"ठाऊक आहे. मला थोडा वेळ लागेल. तू सीट पाडून पडून राहा."

निवासाच्या दारात गाडी उभी करून एर्ना एकटीच आत गेली. लांब कॉरिडॉरमध्ये जेवणाचा वास होता. दोन-चार पावलं टाकल्यावर तिला आपल्या टाचा ऐकू आल्या. ती थांबली, आणि मग टाचा उचलून, चवड्यांवर, भिंतीच्या कडेने हळूहळू पुढे गेली, आवाज होऊ नये म्हणून.

दार अर्धवट उघडं होतं. आगानेथा बार्कमन उताणी पडली होती, पांढरे केस उशीवर, हात पोटावर. चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता. एर्नाने आईला असं कधी पाहिलंच नव्हतं. ती येईपर्यंत आई नेहमी बसलेली असायची.

पण ती पावलं हलकी टाकली म्हणून लपणारी नव्हती. म्हातारीच्या पापण्या थरथरल्या, आणि तिचा हात कठडा शोधू लागला.

"रविवार झाला का गं?"

"नाही आई. आज रविवार नाही."

"आत्ताच जरा टेकले होते हं. आत्ताच. सकाळपासून बसूनच होते मी, विचार त्यांना." बोटांनी कठडा पकडला, खांदा उशीवरून उचलला गेला.

एर्ना खाटेशी आली. "आई, मेनोच्या वेळी तुला पाठीत सुई दिली होती?"

आगानेथा होती तशी, अर्धवट उठलेली, थबकली. तिने आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून.

"आता नाही दुखत," ती घाईने म्हणाली. "केव्हाच नाही दुखत. उठते ना मी. ही बघ, उठले."

एर्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. गाऊनखाली नुसतं हाड लागत होतं. तिने तो खांदा अलगद उशीकडे टेकवला.

"नको उठूस, आई. पडून राहा."

म्हातारी लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत असलं काही तिने या तोंडून ऐकलं नव्हतं. यात काहीतरी काळंबेरं असणार, हे तिला दिसत होतं. मान तिने उशीवर ठेवली, पण कठडा काही सोडला नाही.

"एर्ना," ती हळूच म्हणाली, "खरं सांग. कोण गेलं?"